पकडलं तर चहा

आमच्या घरात मेंढीकोट खेळताना लबाडी करायला पूर्ण परवानगी आहे. अट एवढीच की पकडलं जायचं नाही. जो पकडला जाईल त्यानं टाकलेलं पान परत घ्यायचं, पत्ते खाली ठेवायचे आणि उठून सगळ्यांना चहा करायचा. हा नियम माझ्या सासऱ्यांनी घातला असं म्हणतात. ते स्वतः अट्टल लबाड होते आणि चहा फार सुरेख करायचे, यावरून काय ते समजा.

दुसरा नियम माझा. नवरा-बायकोनं भिडू व्हायचं नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसांना खुणा कराव्या लागत नाहीत, नुसत्या खोकण्यावरून हातात काय आहे ते कळतं. म्हणून दर रविवारी दुपारी एका बाजूला माझे यजमान आणि त्यांचे जुने दोस्त इकबालभाई मुल्ला, दुसऱ्या बाजूला मी आणि आमची सून केतकी. यजमानांचं नाव घ्यायची मला सवय नाही. सगळं कराड त्यांना अण्णा म्हणतं, इथे मीही अण्णाच म्हणते.

मेंढीकोट माहीत नसलेली माणसं आता निघायला लागली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, चौघांचं एकेक पान पडलं की एक हात, आलेल्या रंगाचं पान जवळ असताना दुसरं टाकायचं नाही, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी, म्हणजे दहाच्या पानांसाठी. चारही दश्श्या एकाच बाजूला गेल्या की मेंढीकोट. मग हरलेल्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

अण्णा कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत माईक घेऊन बसायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, कुठल्या गाडीला मसूरला थांबा आहे आणि कुठलीला नाही, सगळं तोंडपाठ. आता स्टँडवर बिनड्रायव्हरच्या विजेच्या गाड्या येतात आणि एक यंत्रातली बाई घोषणा करते. तिचं 'पाटण' ऐकून अण्णा म्हणायचे, "हिनं पाटण जन्मात बघितलेलं नाही." असा माणूस पत्त्यात काय चीज असेल! कुठली पानं गेली, कुठली राहिली, कोण कुणाकडे बघून डोळे मिचकावतंय, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. आणि स्वतः लबाडी करायचे ती अशी सफाईनं, की मी तीस वर्षं हायस्कूलच्या पोरांच्या कॉप्या पकडलेली गणिताची बाई, पण मला यांची एखादीच सापडायची. ती सापडली की अण्णा उठून चहा करायचे आणि स्वयंपाकघरातून माईकवरच्या आवाजात ओरडायचे, "लक्ष द्या, लक्ष द्या, आल्याचा चहा टेबलावर लागत आहे."

मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली. लगेच दवाखान्यात नेलं म्हणून हात-पाय वाचले. पण घरी आलेला माणूस शांत होता. फार शांत. माणसं ओळखायचे, पण नावं मध्येच कुठेतरी अडकायची. स्टँडकडे जायचे बंद झाले. पत्ते हातात धरायचे, पण समोरचं पान बघून मागचं विसरायचे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, पहिलं वर्ष महत्त्वाचं. तोवर मेंदू नवीन वाटा शोधत असतो. त्याला कामाला लावा. पुढे ते अवघड होत जातं."

तेव्हापासून रविवारी कुणी लबाडी करेना. आजारी माणसासमोर कसली लबाडी? चहा मीच करायची, कुणी न पकडता.

मेंदूला कामाला लावण्याचं काम आमच्या केतकीनं अंगावर घेतलं. माझा मुलगा समर जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने पाण्यात. केतकी आमच्याजवळ राहते आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी ऑनलाइन खेळ बनवते. वयस्कर माणसांच्या मेंदूला व्यायाम देणारे खेळ. त्या कंपनीत भिंतीवर म्हणे एक वाक्य लिहिलंय आणि केतकी ते जपासारखं म्हणायची: "बोट अडलं, तर चूक आपली."

म्हणजे असं. आमच्या वयाच्या माणसाला खेळ दिला की तो पहिल्या पडद्यालाच गार होतो. इथे दाबू का तिथे? हे बारीक काय लिहिलंय? पासवर्ड म्हणजे कुठला, बँकेचा का गॅसचा? दोनदा अडलं की माणूस ते बाजूला ठेवतो आणि वर म्हणतो, मला नाही जमत बाई. केतकीचं म्हणणं, त्याला न जमायला काय झालं? बनवणाऱ्याला जमलं नाही. म्हणून तिनं 'सहज' नावाचा खेळ केला. सोबत एक चष्मा, त्याच्या दांडीत मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा. माणूस अडतो तेव्हा त्याची नजर दोन-तीन जागी भिरभिरते आणि बोट हवेत थांबतं. चष्मा ते टिपायचा, खेळाला सांगायचा, आणि पुढच्या वेळी नेमकं तेच बटण मोठं व्हायचं, उजळायचं, बोटाखाली सरकून यायचं. खेळ माणसाकडून शिकत जायचा. जितकं खेळाल तितका सोपा.

अण्णांसाठी तिनं त्यात खास एसटी स्टँड घातलं. गुंडाळून ठेवता येणाऱ्या एका पातळ पडद्याच्या पाटीवर फलाट, गाड्या, प्रवासी. लाल लुगड्यातली म्हातारी मसूरला चाललीय, बोकड घेतलेला पाव्हणा उंब्रजला. थोड्या वेळानं खेळ विचारायचा, कोण कुठे चाललं होतं? अण्णा बोट ठेवायचे. बरोबर! घंटा वाजायची.

पहिल्या आठवड्यात निम्मी उत्तरं चुकली. दिवाळीपर्यंत एकही चुकेना. पाटीवर सोनेरी पदक आलं. केतकीच्या कंपनीनं अण्णांचा फोटो मागवला. मी गल्लीत पेढे वाटले आणि देवापुढे बसून रडले, सुखानं.

फक्त रविवारी काही बदलत नव्हतं. खेळातल्या बोकडवाल्याचं गाव आठवणारा माणूस दोन हातांमागे इस्पिकचा राजा कुणी टाकला ते विसरत होता. मी कुणाला बोलले नाही. उलट एक काम मी गुपचूप सुरू केलं होतं. अण्णांनी एक्का टाकला, की माझ्या हातात बारीक पान असलं तरी मी वर दश्शी टाकायची. दश्शी मिळाली की त्यांचा चेहरा खुलायचा. तेवढ्यासाठी मी चाळीस दश्श्या टाकल्या असत्या.

सगळं फुटलं ते इकबालभाईंमुळे. इकबालभाईंनी आयुष्यभर एसटी चालवली, पण स्वतःच्या चपला कुठे काढल्या ते त्यांना कधी आठवत नाही. एका सकाळी डबा परत द्यायला आले. अण्णा आंघोळीला गेले होते, चष्मा आणि पाटी टेबलावर पडलेली. यांनी गंमत म्हणून चष्मा चढवला आणि खेळायला बसले. मी आतून येते तोवर घंटांवर घंटा.

"वहिनी, आवो पदक मिळालं मला!"

"तुम्हाला? बोकडवाला कुठे चालला होता?"

"कुठला बोकड?" इकबालभाई म्हणाले. "म्या काय बघितलंच न्हाई. बोट नेलं की आपोआप होतंय की!"

मी त्यांच्या मागे उभी राहिले. "परत खेळा बघू." आणि मग मला दिसलं. इकबालभाईंचं जाडजूड बोट हवेत घुटमळलं, की खालचं बरोबर उत्तर हळूच फुगायचं, कढईतल्या पुरीसारखं. बोट जाऊन त्याच्यावरच पडणार, दुसरीकडे जाणार कसं?

"कॉपी!" मी ओरडले. तीस वर्षांची सवय. "केतकी, इकडे ये! तुझा खेळ कॉपी पुरवतोय!"

केतकी आली. तिनं बघितलं. तिला क्षणात कळलं, मला मात्र तिनं समजावून सांगितलं. बोट दोन कारणांनी अडतं. बटण सापडत नाही म्हणून, आणि उत्तर आठवत नाही म्हणून. पहिलं अडणं घालवायचं होतं. दुसऱ्या अडण्यासाठीच तर सगळा खेळ होता. तिथेच मेंदूचा घाम निघतो. पण यंत्राला दोन्ही अडणी सारखीच दिसत होती, आणि त्याला शिकवलेलं एकच होतं: अडू द्यायचं नाही. तेव्हा ते इमानदारीनं अण्णांच्या वतीनं आठवत राहिलं. अण्णा नुसते बोट पुरवत होते.

"आई," केतकी म्हणाली, "मी पाच जिल्ह्यांतल्या आजी-आजोबांना कॉपी पुरवली हो. आणि अण्णांचे एवढे महिने..."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या त्या एका वर्षातले सात महिने गेले होते.

पण केतकी रडून बसणाऱ्यांतली नाही. तिनं कंपनीला कळवून खेळ त्याच दिवशी बंद करायला लावला, आणि चष्म्यानं साठवलेलं सगळं काढून बघायला बसली. दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते तर पाटी घेऊन धावत आली.

"आई, हे बघा. ही अण्णांच्या डोळ्याची बाहुली. सात महिने खेळताना सपाट रेघ. काही हललंच नाही. आणि इथे एकदम हा डोंगर! तारीख रविवारची आहे. अण्णा त्या दिवशी चष्मा काढायला विसरले आणि तसेच पत्त्याला बसले. दुपारी नक्की काय झालं होतं?"

मग तिनं मला डोळ्याच्या बाहुलीची गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. आपला मेंदू म्हणे सतत अंदाज बांधत असतो. आता हे होईल, आता ते होईल. अंदाज बरोबर आला की तो ढिम्म असतो, त्यातून त्याला काही शिकायचं नसतं. पण अंदाज चुकला, काही भलतंच घडलं, की आतून एक लाट उठते. डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या घटकेला मेंदूतले जुने धागे सैल होतात आणि नवीन गाठी बसतात. माणूस शिकतो तो अशा वेळी. बरोबर उत्तराची घंटा वाजवून काही होत नाही, अंदाज चुकावा लागतो.

"म्हणजे त्या दुपारी अण्णांना काहीतरी खटकलं होतं," केतकी म्हणाली.

आम्ही इकबालभाईंना बोलावलं. ते खाली मान घालून बसले. "व्हय वहिनी. हातात इस्पिक असून म्या हुकूम मारला हुता. सवय ओ, सुटत न्हाई. कुणी बोललंच न्हाई, मला वाटलं माझी लबाडी लई सुधारली."

तेव्हा मला आठवलं. त्या हाताला अण्णांनी मान वर केली होती. ओठ हलले होते. पण त्यांना बोलायला वेळ लागतो म्हणून आम्ही, अगदी प्रेमानं, पुढचं पान टाकून मोकळे झालो होतो. त्यांच्या डोळ्यांनी लबाडी पकडली होती. ती तोंडापर्यंत येईतो कुणी थांबलंच नाही.

मी हातातली मेथी खाली ठेवली. माणूस आत होता! मला नाचावंसं वाटलं.

केतकीनं तिसऱ्या आठवड्यात नवीन खेळ समोर ठेवला. त्याचं नाव 'लबाड'. वापरायला तो इतका सोपा की त्यात बटणच नाही. तेच एसटी स्टँड, त्याच गाड्या, तेच प्रवासी. खेळ मधेच लबाडी करतो, आणि आपल्याला ती दिसली की पाटीवर कुठेही थाप मारून म्हणायचं, "पकडलं!" बस, एवढंच. हाताला काही काम नाही, सगळं काम डोक्याला. लबाडी सापडली की आतून इकबालभाईंचा आवाज येतो, "आयला, सापडलो!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा रेकॉर्ड करून दिलं की केतकीला शेवटी त्यांना थांबवावं लागलं.

नाही सापडली तर? तर खेळ काहीच करत नाही. उजळत नाही, फुगत नाही. चष्म्याला दिसलं की डोळ्यात लाट उठलीय, माणसाला काहीतरी खटकलंय, तर खेळ थांबतो. नुसता थांबतो, लागेल तितका वेळ. लाट उठलीच नाही, तर तीच लबाडी जरा धिटाईनं पुन्हा करतो. केतकी म्हणाली, खेळ बनवायला दोन दिवस लागले, त्याला थांबायला शिकवायला बाकीचे सगळे.

कंपनीचे साहेब पडद्यावर आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "आजोबांना फसवणारा खेळ? केतकी, याची जाहिरात कशी करायची?"

"हीच करा ना, सर. आम्ही फसवतो आणि तसं सांगून फसवतो म्हणून!"

पहिल्या दिवशी अण्णा पाटीसमोर बसले आणि आम्ही तिघं मागे. बोलायचं नाही, अशी केतकीची सक्त ताकीद. गाड्या आल्या, गेल्या. बोकडाची मेंढी झाली, अण्णा गप्प. म्हातारीची छत्री गायब झाली, अण्णा गप्प. माझी जीभ नुसती वळवळत होती. इकबालभाईंनी तर रुमाल तोंडात धरला. मग फलाटावर एक गाडी लागली. अण्णा पुढे झुकले. खेळ थांबला. सगळं स्टँड जागच्या जागी थांबलं, आणि आम्हीही.

मग अशी थाप पडली की पाटी टेबलावरून उडाली.

"पकडलं! अरे, विट्याची गाडी पाटणच्या फलाटाला कशी लावता? प्रवाशांनी काय करायचं?"

"आयला, सापडलो!" पाटीतून आवाज आला. खरे इकबालभाई रुमाल टाकून रडायला लागले आणि केतकीनं मला मिठी मारली. आजारानंतर अण्णांचं ते पहिलं सलग, अख्खं वाक्य होतं, आणि ते चिडून बोलले होते. किती दिवसांनी हा माणूस कुणावर तरी चिडला होता!

त्यानंतर जे सुरू झालं ते आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. अण्णांनी मला कुकरच्या शिट्ट्यांत पकडलं, आमटीतल्या गुळात पकडलं. बातम्या देणाऱ्या मुलीला रोज संध्याकाळी एकदा तरी पकडायचे. एक दिवस पायात चपला घालून स्वतःहून स्टँडवर गेले आणि यंत्रातल्या बाईनं उंब्रजचा थांबा गाळला तो पकडून, तक्रार नोंदवून, छाती काढून परत आले.

शिमग्यापर्यंत 'लबाड' गावभर झाला. म्हाताऱ्या माणसांना असा हुरूप आलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. शेजारच्या लग्नात गुरुजींनी घाईत एक मंगलाष्टक गाळलं, तर मांडवातून सात-आठ म्हातारे एकदम ओरडले, "पकडलं!" गुरुजींनी निमूटपणे ते म्हटलं आणि नंतर त्या सगळ्यांना चहा पाजला, नियमही खेळाबरोबर गावभर पसरला होता. नगरसेवकांनी उद्यानाच्या उद्घाटनात मागच्या वर्षीचंच भाषण केलं, तेव्हा पहिली रांग उठून उभी राहिली. त्या दिवशी अख्ख्या उद्यानाला चहा मिळाला. सुना-मुलांची मात्र पंचाईत झाली. ऑफिसातून उशिरा येण्याची कारणं सांगणं अवघड झालं.

डॉक्टरीणबाईंनी अण्णांना तपासलं, समोर चित्रं धरली, प्रश्न विचारले. मधेच अण्णा म्हणाले, "हे चित्र तुम्ही दोनदा दाखवलं. पकडलं." बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, वाट सापडलीय. आता मध्ये येऊ नका."

मध्ये येऊ नका. हे मात्र मला जड गेलं.

कारण रविवारी मी अजून दश्श्या सोडत होते. खेळात ते पकडायचे ते ठीक. पत्त्यात हरले आणि मनाला लावून घेतलं तर? केतकी माझी भिडू, तिच्या हे लक्षात यायचंच. एकदा वाटाणे सोलताना म्हणाली, "आई, रागावू नका, पण तुम्ही 'सहज'सारखं करताय."

"म्हणजे?"

"उत्तर फुगवून त्यांच्या बोटाखाली ठेवताय."

मला राग आला. चांगलाच आला. "तुझा तो खेळ आहे," मी म्हटलं, "माझा हा नवरा आहे." ती गप्प बसली. ती गप्प बसल्यावर मला आणखी राग आला, कारण तिचं खरं होतं. मला अण्णा पूर्वीसारखे हवे होते, आणि पूर्वीचे अण्णा मिळेपर्यंत तो खुललेला चेहराही हवा होता. दोन्ही एकदम मागत होते मी.

पाडव्यानंतरच्या रविवारची गोष्ट. डाव रंगात आलेला. दोन दश्श्या अण्णांकडे गेल्या होत्या, तिसरीही त्यांनी आताच घेतली होती, चौथी बदामाची माझ्या हातात. अण्णांनी बदामाचा एक्का टाकला. माझ्याकडे बदामाची सत्ती होती. सत्ती टाकली असती तर दश्शी वाचली असती आणि मेंढीकोट टळला असता. मी केतकीकडे न बघता दश्शी टाकली.

इकबालभाई पान टाकायला गेले. अण्णांनी त्यांचा हात धरला.

"थांब."

सगळे थांबले. अण्णा पानाकडे बघत होते. मग माझ्याकडे. मी पंख्याकडे बघायला लागले. किती वेळ गेला कोण जाणे, पण कुणी पुढचं पान टाकलं नाही.

"इकबालचे बदाम संपले," अण्णा सावकाश, एकेक पान मोजल्यासारखे बोलायला लागले. "मघाशीच त्यानं बदामावर किलवर टाकलं. केतकीचेही संपले, तिनं चौकट टाकली. सत्ती गेलेली नाही. माझ्याकडे नाही. राहिलं कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हेमा, तुझ्या हातात सत्ती आहे. पकडलं."

"अण्णा, पण दश्शी तर आपल्यालाच मिळाली," इकबालभाई म्हणाले. "ही कसली लबाडी?"

"सगळ्यांत मोठी," अण्णा म्हणाले. "केव्हापासून मला जिंकवतेयस?"

मी खरं सांगितलं. "तुम्ही घरी आलात तेव्हापासून."

त्यांना लागलं होतं, ते मला दिसत होतं. पण देवाशपथ सांगते, मला वाईट वाटायच्या ऐवजी छातीत ढोल वाजत होते. तेरा पानांचा हिशेब त्या डोक्यात जागच्या जागी होता! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

"हसतेस काय? दश्शी परत घे. सत्ती टाक. आणि चहा!" अण्णा म्हणाले.

मी दश्शी परत घेतली, सत्ती टाकली, राहिलेली पानं पालथी ठेवली आणि चहाला उठले. आत ओट्याशी उभी राहून पोटभर रडून घेतलं. चहा उतू गेला, पुन्हा ठेवला.

चहा घेऊन आले, तेव्हा तिघंही फार सज्जन चेहरे करून बसले होते. ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मी कुठल्या धुंदीत! मी चहा प्यायले, पानं उचलली आणि धड न बघता समोर पडेल त्याच्यावर टाकत गेले. शेवटच्या हाताला उरलेलं पान उलटलं, तर किलवरची दुर्री.

किलवर माझ्याकडे नव्हतंच. माझी दश्शी कुठे गेली?

अण्णांनी जिंकलेली पानं उलटून मांडली. एक, दोन, तीन, चार. चौथी बदामाची. "मेंढीकोट," ते म्हणाले. केतकी छताकडे बघत होती. माझी भिडू, फितूर झालेली! इकबालभाईंनी पुन्हा तोंडात रुमाल कोंबला होता. आणि अण्णांची डावी भुवई किंचित वर चढली होती. लबाडी जमली की चढणारी ती भुवई मी वर्षभर बघितली नव्हती.

"पकडलं!" मी टेबलावर अशी थाप मारली की कपबशा नाचल्या. "मी चहाला गेले तेव्हा माझी दश्शी चोरली!"

"एवढा वेळ लागला?" अण्णा म्हणाले. "चष्मा तुलाच लावायला पाहिजे."

"मघाशी देत होते ती नको म्हणालात!"

"दिलेली नको होती," अण्णा उठत म्हणाले. "चोरलेली चालते."

ते स्वयंपाकघरात गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. गॅस पेटल्याचा आला. मग शांतता. मग एक डबा उघडल्याचा आवाज, झाकण लावल्याचा आवाज, दुसरा डबा. आल्याची किसणी मी दिवाळीत जागेवरून हलवली होती, ते त्यांना माहीत नव्हतं. तिसरा डबा. केतकी अर्धी उठली. "सांगून येते, आई. वरच्या फळीवर आहे ना?"

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"थांब," मी म्हटलं. "सापडेल."

आम्ही तिघं बसून राहिलो. चौथा डबा वाजला. काहीतरी खाली पडलं, अण्णा त्याच्यावर करवादले. मी दोन्ही हात टेबलावर घट्ट धरून ठेवले होते. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग किसणीवर आलं घासल्याचा आवाज आला, खर्र खर्र, आणि त्याच्यामागून तो आवाज, स्टँडवरचा, भिंती हलवणारा:

"लक्ष द्या, लक्ष द्या! कराड ते हेमलता डुबल, बिनसाखरेचा चहा, थोड्याच वेळात टेबलावर लागत आहे. प्रवाशांनी कप रिकामे करून तयार राहावे."

मी कप रिकामा केला आणि पुढे सरकवून ठेवला.